सुंगटांच्या सालांतलं कायटोसान आणि तांबं धरणारे काळे मणी

फोंड्याच्या आमच्या प्रयोगशाळेत टी.वाय.ची (पदवीच्या तिसऱ्या वर्षाची) मुलं पाण्यातलं तांबं धरणाऱ्या चुंबकी मण्यांचा हा प्रकल्प घेतात, तेव्हा सुंगटांच्या (कोळंबीच्या) सालांची पिशवी घेऊनच येतात. ती पिशवी मी परत पाठवते. सालांतल्या कायटिनचं कायटोसान करायला ४०-५० टक्के कॉस्टिक सोडा तासन्‌तास उकळत ठेवावा लागतो. तो उडाला तर डोळे जातील. कायटोसानची तयार भुकटी आणा. गॉगल, हातमोजे तरीही हवेतच.

आधी मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं काळं लोह ऑक्साइड. ५.४ ग्रॅम फेरिक क्लोराइड (स्फटिकी) आणि २.८ ग्रॅम फेरस सल्फेट १०० मिली पाण्यात विरघळवा. पाणी उकळून निववलेलं हवं. ६०-७० अंशांवर, फ्यूम हूडमध्ये (वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटात), ढवळत अमोनिया थेंबथेंब सोडा. पीएच १० झाला की थांबा. साका (खाली बसणारा गाळ) काळाकुट्ट हवा. तपकिरी आला तर फेरस सल्फेटची बाटली बघा. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात झाकण सैल राहिलं की हिरवे स्फटिक पिवळट पडतात, ते वापरू नका. बीकरखाली चुंबक धरून साका धुवत राहा, अमोनियाचा वास पूर्ण जाईपर्यंत.

२ ग्रॅम कायटोसान २ टक्के ॲसिटिक आम्लाच्या १०० मिलीत ढवळलं की पेजेसारखं दाट होतं. त्यात निम्मा साका मिसळा आणि लगेच सिरिंजने ४ टक्के कॉस्टिकमध्ये थेंब सोडा. मिश्रण रात्रभर ठेवलंत तर आम्ल मॅग्नेटाइट खायला लागतं. मणी काही तासांनी काढून, उदासीन होईपर्यंत धुऊन पाण्यातच ठेवा. वाळवले की आक्रसतात.

चाचणीला मोरचूदच (कॉपर सल्फेट) घ्या, शिसं नको. ०.४ ग्रॅम लिटरभर पाण्यात, म्हणजे तांबं सुमारे १०० मिलिग्रॅम. १०० मिलीला १० ग्रॅम ओले मणी, पीएच ५. चारच्या खाली कायटोसानचे तांबं धरणारे अमिनो गट प्रोटॉन धरून बसतात, मणीही विरघळू लागतात. सहाच्या वर तांबं हायड्रॉक्साइड होऊन आपसूक खाली बसतं, आणि मुलं श्रेय मण्यांना देतात! म्हणून मणी न घातलेला एक फ्लास्क शेजारी हवाच. काही तास हलवून मणी चुंबकाने बाजूला ओढा, वरच्या पाण्यात अमोनिया घालून निळेपणा कलरीमीटरवर मोजा.

०.१ मोलर ईडीटीएने (धातू पकडणाऱ्या रसायनाने) मणी धुतले की तांबं सुटतं. ते द्रावण सिंकमध्ये नाही, चिठ्ठी लावलेल्या बाटलीत.

डिचोलीच्या खाणपट्ट्यातली मुलं हमखास विचारतात, खाणीचं लाल पाणी यात साफ होईल का? तो लालपणा मुख्यतः तरंगत्या मातीचा. त्याला तुरटी आणि निवळायची टाकी लागते. मणी घातलेत तर तेच चिखलाने माखतील.