खिमट चमच्यावरून ओघळू नये: सहा महिन्यांच्या बाळाला वरचं सुरू करताना

बाळाला वरचं सुरू करायचं म्हटलं की घरातून पहिला सल्ला येतो तो वरणाच्या पाण्याचा. कुकर उघडायचा, डाळ खाली बसलेली असते, वरचं निवळ पाणी वाटीत काढायचं, त्यात तुपाचे दोन थेंब. पचायला हलकं म्हणून देतात, आणि ते हलकं असतंच, कारण त्यात जवळजवळ काहीच नसतं. डाळ भांड्यातच राहते. या वयाच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम २०० मिली मावतं. ते पाण्याने भरलं की बाळ दूधही कमी पितं आणि वजन तिथेच अडकतं. पातळ पेजेचीही तीच गत. म्हणून बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा: चमचा तिरका केला तर अन्न त्यावर टिकलं पाहिजे. सावकाश घसरलं तर चालेल. ओघळलं तर ते पातळ आहे, पुन्हा गॅसवर ठेवा.

सहावा लागला की सहा झाले?

वरचं सुरू करायचं ते सहा महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे १८० दिवसांनी. इथे मोजणीत घोळ होतो. आपण 'सहावा लागला' म्हणतो तेव्हा बाळाचे पाचच महिने झालेले असतात. उष्टावण मुलाचं सम महिन्यात आणि मुलीचं विषम महिन्यात करायची रीत आहे. मुलीसाठी पाचव्याचा मुहूर्त काढू नका, सातवा धरा. सातवा लागतो तेव्हा सहा पूर्ण होतात, त्यामुळे रीतही पाळली जाते आणि वेळही साधते. मुलाचं आठव्यात करायचं ठरलं, तर समारंभ मागून होऊ द्या, पण घास सहा महिने भरताच सुरू करा. मामाने चाटवायच्या खिरीत मध मात्र घालू देऊ नका. मधात बॉट्युलिनम जंतूंचे बीजाणू असू शकतात, ते उकळूनही मरत नाहीत, आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. बोटभरही नको.

तारखेबरोबर बाळाकडेही बघा. मान पूर्ण धरलेली हवी आणि टेकून बसवलं तर बसायला हवं. ताटाकडे हात जायला लागले म्हणजे बाळ तयार आहे. दिवसांआधी जन्मलेल्या बाळाचं कधी सुरू करायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

खिमट

१ वाटी जुना तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, अर्धा चमचा जिरं. नवा तांदूळ घेतला तर खिमट चिकट होतं आणि टाळूला बसतं. तांदूळ-डाळ वेगवेगळी धुऊन सुती पंचावर सावलीत पसरा. ४-५ तासांनी मुठीत घेतल्यावर दाणे सुटे पडले म्हणजे वाळले. मंद आचेवर आधी तांदूळ भाजा. ८-१० मिनिटांत ते पांढरे होऊन किंचित फुलतात. मग डाळ खमंग वास येईपर्यंत, शेवटी जिरं. पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरमधून बारीक रव्यासारखं काढा. गरम दळलं तर वाफ आत राहते, आठ दिवसांत गुठळ्या होतात आणि मग बुरशी धरते. कोरड्या काचेच्या बरणीत ३-४ आठवडे राहतं. पावसाळ्यात निम्मंच करा आणि फ्रिजमध्ये ठेवा.

शिजवताना २ मोठे सपाट चमचे खिमट १ कप (सुमारे २४० मिली) गार पाण्यात आधी कालवून घ्या. गरम पाण्यात टाकलं तर गोळे होणारच. मंद आचेवर हलवत १०-१२ मिनिटं शिजवा, कण बोटांनी दाबल्यावर विरघळला पाहिजे. खिमट गार होताना आणखी आळतं, म्हणून चमच्याची परीक्षा कोमट झाल्यावर घ्या. फार घट्ट वाटलं तर गरम पाणी किंवा आईचं दूध घालून सैल करा. वरून अर्धा चहाचा चमचा तूप. पोट लहान असल्यामुळे प्रत्येक घासाची ताकद वाढवावी लागते, ते काम तूप करतं. चिमूटभर हळद-हिंग चालतं. वर्षभर मीठ, साखर आणि गूळ नको.

रोज वेगळं शिजवायला वेळ नसेल, तर घरच्या कुकरमध्ये एक छोटा डबा ठेवा: २ चमचे तांदूळ, १ चमचा डाळ, पाचपट पाणी. वरण-भातासोबत तेही शिजतं. किंवा फोडणी आणि मीठ पडायच्या आधी वरणातलं खालचं घट्ट वरण बाळासाठी काढून ठेवा आणि भातात कुस्करा.

नाचणी मोड काढून

अर्धा किलो नाचणी निवडून, ३-४ पाण्यांनी धुऊन रात्रभर भिजवा. सकाळी निथळून ओल्या फडक्यात सैल बांधा. उन्हाळ्यात २४ तासांत, थंडीत ३६ ते ४८ तासांत पांढरे, २-३ मिलिमीटरचे मोड दिसतात. फडकं वाळू देऊ नका आणि पाण्यात थबथबूही देऊ नका. बुळबुळीत झालं किंवा आंबूस वास आला तर सगळं टाकून द्या, धुऊन वापरू नका. मोड आलेली नाचणी सावलीत कडकडीत वाळवा, मंद आचेवर हलकीच भाजा आणि दळून बारीक चाळणीने चाळा.

एवढा खटाटोप कशासाठी? मोड येताना धान्यात अमायलेज हे विकर (एन्झाइम) तयार होतं. लापशी तापू लागली की ते पिठाच्या लांब साखळ्या तोडतं, त्यामुळे तेवढ्याच पाण्यात जास्त पीठ मावतं आणि तरी लापशी गिळायला मऊ राहते. नाचणी काळपट होईपर्यंत भाजली तर हे विकर मरतं आणि मेहनत वाया जाते. पहिल्यांदा करताना १ मोठा चमचा पीठ आणि अर्धा कप गार पाणी घ्या, ६-७ मिनिटं शिजवा. मोडाची लापशी अंदाजापेक्षा पातळ होते, तशी झाली तर पीठ वाढवा. भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून केलेलं सत्त्वही चालतं, पण गाळताना कोंडा जातो आणि त्याबरोबर बरंच काही जातं.

नाचणीचं खरं बळ कॅल्शियममध्ये आहे, १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम. लोहासाठी तिच्यावर विसंबू नका. ते पुढे येतंच.

पहिला घास

सकाळची वेळ घ्या. बाळ झोपेत नको, आणि भुकेने रडतंय अशा वेळीही नको. मांडीवर ताठ बसवा, आडवं धरून भरवू नका. अर्धा चमचा घ्या, खालच्या ओठाला हलकेच टेकवा आणि थांबा. बाळ बघतं, जीभ बाहेर काढून चाखतं, मग वरचा ओठ खाली येतो आणि चमचा बंद होतो. तेवढं झालं की चमचा सरळ मागे घ्या. वरच्या हिरडीवर पुसून अन्न आत ढकललं तर गिळायला शिकत नाही. पहिले काही दिवस निम्मं बाहेर येईल. त्याला नावड समजू नका, जिभेला अजून अन्न मागे न्यायची सवय नसते. नवी चव काही बाळं आठ-दहादा चाखल्यावर घेतात. हनुवटीवरून आलेलं खिमट चमच्याने गोळा करून पुन्हा द्यायचं, आणि बाळाने हात बुडवला तर बुडवू द्यायचा. पाचही बोटं बरबटलेली बघून बाळ जे हसतं, त्यासाठी एक झबलं जास्त धुवायला लागलं तरी हरकत नाही.

पहिला आठवडा २-३ चमचे, दिवसातून एकदा किंवा दोनदा. मग नऊ महिने भरेपर्यंत दिवसातून २-३ वेळा, वाढवत अर्धा कप (१२५ मिली). ९ ते ११ महिने ३-४ वेळा अर्धा कप, शिवाय मधे एखादं केळं किंवा उकडलेलं रताळं. वर्षानंतर पाऊण ते एक कप. आईचं दूध दोन वर्षांपर्यंत चालूच ठेवा. घासाबरोबर उकळून गार केलेल्या पाण्याचे दोन-चार घोट पुरे.

बाटलीच्या बुचाचं भोक मोठं करून त्यातून सत्त्व पाजायची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे. ती बंद करा. त्यात ठसका लागतो, चावायला शिकणं लांबतं आणि दात आले की किडतात.

लोह

जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या आसपास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह फार कमी असतं. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासूनच पूर्ण उकडलेलं अंडं कुस्करून, दाट डाळ, शिजवून वाटलेला माठ आणि राजगिरा सुरू करा. चिकन किंवा खिमा चालत असेल तर तोही मऊ शिजवून द्या. मासा देताना पापलेट घ्या आणि काटे चमच्याने न काढता बोटांनी चाचपून काढा. सुरमईत पारा जास्त असतो, ती टाळा. पालेभाजीवर लिंबाचे चार थेंब पिळले की लोह अंगी लागतं. चहात बुडवलेलं बिस्कीट याच्या उलट काम करतं, चहातलं टॅनिन लोह अडवतं. सहा महिन्यांनंतर आशाताईंकडून लोहाचं सिरप मिळतं, आठवड्यातून दोनदा १ मिली. शी काळी होते, घाबरून बंद करू नका.

खोकतंय की गुदमरतंय?

चेहरा लाल, डोळ्यांत पाणी, ओकारीचा आवाज, खोकला: बाळ स्वतःच घास पुढे आणतंय. थांबा, पाठीत धपाटे घालू नका, तोंडात बोट घालू नका. आवाजच येत नाही, खोकता येत नाही, ओठ निळसर पडताहेत: हे गुदमरणं. बाळाला हातावर पालथं, डोकं खाली धरून दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने ५ थापा द्या. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब. पुन्हा थापा, पुन्हा दाब, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. बाळ निपचित पडलं तर लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं, सुरू करा. शेंगदाणा, फुटाणे, अख्खी द्राक्षं आणि कच्च्या गाजराचा तुकडा पाच वर्षांपर्यंत हाती देऊ नका. शेंगदाणा वाटून लापशीत मिसळा. तो उगाच लांबवण्यात फायदा नाही. बाळाला तीव्र इसब असेल तर मात्र आधी डॉक्टरांशी बोला.

मिक्सर कधी सोडायचा

आठव्या महिन्यात. मिक्सर फिरावा म्हणून आपण पाणी घालतो, आणि पुन्हा तेच पातळ अन्न बाळाच्या पोटात जातं. शिवाय दहाव्या महिन्यापर्यंत कण लागलेच नाहीत तर पुढे मूल पोळीचा तुकडाही थुंकतं. चमच्याच्या पाठीने दाबा, दर आठवड्याला थोडं कमी दाबा. नऊ महिन्यांच्या सुमारास अंगठा आणि पहिलं बोट जुळतं, तेव्हा ताटलीत उकडून चपटे केलेले मटारचे चार दाणे ठेवा. एक दाणा उचलायला मिनिट लागतं, तीनदा निसटतो, मग तोंडापर्यंत जातो. त्या मिनिटात तुम्ही हात लावू नका.