कॉर्नवॉलमधलं पडकं इंजिनघर कसं ओळखायचं

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलच्या कड्यांवर, छप्पर नसलेल्या उंच दगडी इमारती आणि कोपऱ्यात गोल धुराडं दिसलं की नवखे लोक त्यांना गढी समजतात. ही कथील-तांब्याच्या खाणींवरची वाफेच्या इंजिनांची घरं. २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत. बहुतेक ठिकाणचं इंजिन कधीच भंगारात गेलं, पण ते काय काम करायचं हे भिंतींवरून कळतं.

आधी सर्वांत जाड भिंत शोधा. ती बाकीच्यांपेक्षा बुटकीही असते. हिला ‘बॉब वॉल’ म्हणतात. इंजिनाची बिडाची तुळई हिच्यावर मधोमध टेकून सीसॉसारखी हलायची, अर्धी घरात, अर्धी बाहेर. ईस्ट पूल खाणीत टेलर्स शाफ्टवरचं (शाफ्ट म्हणजे खाणीत उतरणारी उभी विहीर) ९० इंची, म्हणजे तेवढ्या व्यासाच्या सिलिंडरचं, इंजिन अजून जागेवर आहे. त्याची एकटी तुळई ५२ टनांची. एवढं वजन पेलायचं म्हणून ही जाडी. भिंत वरून ढासळलेली वाटते, पण बहुधा तसं नसतं: तुळईच्या वरचा भाग लाकडी फळ्यांचा असायचा, तो कुजून गेला. बॉब वॉलच्या समोरच्या, म्हणजे घराच्या मागच्या भिंतीत तळाला मोठी कमान असते. सिलिंडर तिथूनच आत घेतला जाई, त्यामुळे कमानीच्या रुंदीवरून त्याच्या आकाराचा अंदाज बांधता येतो.

मग बॉब वॉलच्या पुढची जमीन बघा, अर्थात कुंपणाबाहेरूनच. शाफ्ट भिंतीला अगदी खेटून असेल तर इंजिन पाणी उपसायचं, कारण पंपाचा दांडा तुळईच्या टोकाखालून सरळ खाली उतरायचा. व्हील कोट्स या खाणीचं टोवनरोथ इंजिनघर (१८७२) याचा चांगला नमुना. शाफ्ट भिंतीपासून दूर आणि भिंतीपुढे दगडी ओटे, त्यांत खोल अरुंद खाच दिसली तर समजा, तिथे फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं मोठं जड चाक, फिरायचं आणि इंजिन माल वर ओढायचं. बोटालॅक खाणीच्या कड्यावर दोन्ही प्रकार एकाखाली एक आहेत: खालचं पंपाचं, वरचं ओढकामाचं. ओटे आहेत, जवळपास शाफ्ट नाही आणि पुढे उतार आहे, तर खनिज कुटायचं इंजिन. उतारावर उथळ गोल हौद सापडले तर शंका उरत नाही. त्यांत कुटलेला गाळ धुऊन जड कथील वेगळं काढत. फसगत होते ती जुन्या इंजिनांच्या खरेदी-विक्रीमुळे. घर एका कामासाठी बांधलेलं आणि ओटे मागाहून जोडलेले, असंही आढळतं.

धुराड्याचा खालचा भाग दगडी, वरचा विटांचा असतो. इंजिनघराशिवाय एकटंच धुराडं आणि त्याच्याकडे जाणारी नागमोडी, बुटक्या खोल्यांची रांग दिसली तर सावध व्हा. कथिलाचं खनिज भाजताना निघणारी आर्सेनिकची वाफ या खोल्यांत थंड होऊन भिंतींवर साचायची. कामगार तोंडाला चिकणमाती फासून, नाकपुड्यांत कापूस कोंबून ती खरवडायचे. विष अजून माती-भिंतींत आहे: हात लावू नका, तिथे बसून खाऊ नका, निघताना बूट झटका. शाफ्टचं कुंपण तर कधीच ओलांडू नका. तोंडाभोवतीची जमीन खालून पोकळ असू शकते.