घरातला औषधांचा डबा आणि वाढत्या वयाची मुलं : या चुका टाळा

वाढत्या वयातल्या मुलाच्या हाती नको ती गोळी लागते, तेव्हा तिचा माग काढत गेलं तर रस्ता पुष्कळदा घरातच येऊन थांबतो. आजीच्या उशाशी असलेली झोपेची गोळी, बाबांच्या कंबरदुखीच्या वेळी आणलेल्या आणि निम्म्या उरलेल्या गोळ्या, फ्रीजच्या दारात महिनोन्महिने पडून असलेलं खोकल्याचं औषध. ही डॉक्टरांनी लिहून दिलेली, पाकिटावर नाव छापलेली औषधं असतात, म्हणून मुलांना ती दारू-गांजापेक्षा सुरक्षित वाटतात. आईवडिलांनाही तसंच वाटतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. पुढच्या चुका मायेनं सांभाळणाऱ्या घरांतही रोज होतात.

औषधं लपवली, पण मोजली नाहीत

कपाटाच्या वरच्या फळीवरचा डबा पाच वर्षांच्या मुलाच्या हाती लागत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला मात्र घरातली प्रत्येक किल्ली कुठे असते ते ठाऊक असतं. या वयात लपवण्यापेक्षा मोजदाद जास्त उपयोगी पडते, कारण गोळ्या कमी होत आहेत हे पहिल्याच आठवड्यात लक्षात येतं.

एकदा सगळी औषधं टेबलावर काढा. देवघरातली, पर्समधली, गाडीतली, आजोबांच्या ट्रंकेतली, सगळीच. त्यातून कुलूपबंद ठेवायची औषधं वेगळी करा. झोप आणि चिंतेसाठीची : अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम. जोराच्या दुखण्यावरची : ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध. घरात कुणाला चंचलतेसाठी मेथिलफेनिडेट चालू असेल तर तेही. आणि हमखास विसरलं जाणारं नाव म्हणजे प्रीगॅबॅलिन. मधुमेहामुळे पायांची आग होणाऱ्या कितीतरी आजी-आजोबांना ही गोळी चालू असते. ती नशेसाठी वापरली जाते, हे घरात कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

प्रत्येक औषधासमोर तारीख आणि शिल्लक आकडा लिहा : अल्प्राझोलाम, १० आणल्या, ३ घेतल्या, उरल्या ७. कागद डब्यातच ठेवा आणि दर आठवड्याला एकाच माणसानं मोजा. ज्येष्ठांची औषधं सात खणांच्या डबीत फक्त आठवड्यापुरती बाहेर ठेवा, बाकीचा साठा कुलपात. पातळ औषधाच्या बाटलीवर पेनानं पातळीची खूण करा.

मोजताना काय बघायचं? पट्टीच्या मधल्याच खाचा रिकाम्या असणं. मागचा चंदेरी कागद नखानं उचलून पुन्हा चिकटवलेला असणं. गोळीच्या जागी त्याच रंगाची दुसरी गोळी. खोकल्याचं औषध एकाएकी पातळ किंवा फिकं दिसणं, म्हणजे त्यात पाणी घातलेलं असणं. मेडिकलवाले पट्टी कापून देतात तेव्हा नाव आणि मुदतीचा भाग दुकानातच राहतो आणि घरात निनावी गोळ्या साठतात. नाव असलेला तुकडा मागून घ्या, नाहीतर त्या गोळ्या लहान पाकिटात घालून वर नाव लिहा. ओळख न पटणारी गोळी घरात ठेवूच नका.

पॅरासिटामॉल, मधुमेहाच्या आणि रक्तदाब-हृदयविकाराच्या गोळ्या नशेच्या नसल्या तरी त्याही कुलपात असाव्यात. या वयात रागाचा किंवा निराशेचा झटका तीव्र असतो, पण बऱ्याचदा तो काही वेळात ओसरतो. त्या वेळेपुरती मूठभर गोळी हाताशी नसणं, एवढ्यानंही जीव वाचतो. मूल अलीकडे गप्पगप्प असेल, स्वतःला इजा करण्याबद्दल बोललं असेल, तर हे काम आजच करा. आणि त्याला सरळ विचारा, ‘तुला जगणं नकोसं वाटतंय का?’ असं विचारल्यानं मुलाच्या मनात तो विचार पेरला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते.

‘जा रे, मेडिकलमधून घेऊन ये’

मुलाला चिठ्ठीशिवाय गोळी आणायला पाठवलं की त्याला दोन गोष्टी समजतात : दुकानदार आपल्याला ओळखतो, आणि चिठ्ठी मागत नाही. पुढे तो स्वतःसाठी जातो तेव्हा हीच ओळख वापरतो.

पाकीट वाचायला शिका आणि मुलांनाही शिकवा. पट्टीवर उभी लाल रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकायचं औषध. लाल चौकटीत इशारा छापलेला असेल तर ते ‘शेड्यूल एच-१’मधलं. ही यादी १ मार्च २०१४ पासून लागू आहे आणि अल्प्राझोलाम, डायझेपाम, ट्रामाडॉल, कोडीन, झोल्पिडेम त्यातच येतात. अशा विक्रीची नोंद डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव आणि औषधाची संख्या यांसह वेगळ्या वहीत करावी लागते आणि ती वही ३ वर्षं जपावी लागते. ट्रामाडॉल तर २०१८ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याखालीही आलं आहे.

म्हणून आपल्या नेहमीच्या मेडिकलवाल्याला स्पष्ट सांगून ठेवा : ‘आमच्या घरातलं मूल एकटं आलं तर लाल रेघेचं काहीही देऊ नका, आधी आम्हाला फोन करा.’ चांगला दुकानदार हे मनावर घेतो. एखादं दुकान मुलांना बिनचिठ्ठीचं विकताना दिसलं तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८०० २२२ ३६५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

बोलीतली नावंही ठाऊक असू द्या. मालेगाव परिसरात अल्प्राझोलामला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात, मुंबईकडे नायट्राझेपामला ‘बटण’. मुलाच्या फोनवर किंवा बोलण्यात असे शब्द आले तर ते कशाबद्दल आहे ते कळायला हवं.

‘साधीच तर गोळी आहे’

पॅरासिटामॉलचा सगळ्यात मोठा धोका हा की जास्त घेतल्यावर पहिल्या दिवशी फारसं काही दिसत नाही. थोडी मळमळ, क्वचित उलटी, आणि मूल शाळेतही जातं. यकृताला झालेली इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येते आणि तोवर उपचाराची उत्तम वेळ निघून गेलेली असते. यावरचा उतारा, एन-ॲसिटिलसिस्टीन, पहिल्या ८ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून जास्त गोळ्या घेतल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न बघता रुग्णालय गाठायचं.

नकळत जास्त घेणंही सोपं आहे. सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. वरून तापाची ६५० मिलिग्रॅमची गोळी, रात्री अंगदुखीची आणखी एक. धडधाकट प्रौढासाठीही २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे, आणि मुलांचा डोस वजनावर ठरतो : एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ४ ते ६ तासांचं अंतर.

कोरड्या खोकल्यावरच्या औषधात डेक्स्ट्रोमेथॉर्फन असू शकतं आणि तेही नशेसाठी वापरलं जातं. नैराश्याची गोळी चालू असलेल्या मुलानं ते घेतलं तर दोन औषधं मिळून ताप, थरथर, घाबरंघुबरं होणं असा गंभीर प्रकार होऊ शकतो. डॉक्टरांना चालू औषधांची यादी दाखवल्याशिवाय खोकल्याचं औषधही नको.

फक्त नशेवर लक्ष ठेवणं

ही चूक शिकलेल्या घरांत जास्त होते. मूल नशा करत नाही ना, एवढंच बघितलं जातं. पण औषधाचा गैरवापर दिसण्यासाठी, अंगकाठीसाठी आणि परीक्षेसाठीही होतो, आणि तो घरासमोर, कधीकधी घराच्या संमतीनं चालतो.

‘वजन वाढवायच्या’ निनावी गोळ्यांत बऱ्याचदा डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आणि सोबत भूक वाढवणारं सायप्रोहेप्टाडिन असतं. महिन्याभरात गाल भरतात आणि सगळे खूश होतात. ते बाळसं नसतं, सूज असते. साखर आणि रक्तदाब वाढतो, अंगावर जांभळट व्रण उठतात. पुष्कळ दिवस घेऊन अचानक बंद केल्यास शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तयार होत नाही आणि मूल कोसळू शकतं. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करायची.

गोरं होण्यासाठीच्या मलमाचं तेच. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव नळीवर असेल तर ते त्वचाविकाराचं स्टिरॉइड आहे. रोज चेहऱ्याला लावलं की कातडी पातळ होते, उन्हात भाजल्यासारखी लाल होते, मुरमं आणि केस उगवतात, आणि मलम थांबवलं की आग वाढते, म्हणून मुलगी पुन्हा तेच लावते. २०१८ पासून अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत.

जिममध्ये जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत मेफेंटरमाइन हे नाव लक्षात ठेवा. शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणायला भूलतज्ज्ञ वापरतात ते हे इंजेक्शन. ‘व्यायामाला दम येतो’ म्हणून ते विकणाऱ्यांवर पुण्यासह राज्यात पोलिसांनी कारवाया केल्या आहेत. यात हृदयाचे ठोके बेताल होतात, रक्तदाब धोक्याच्या पातळीवर जातो, आणि सुई वाटून वापरली तर कावीळ व एचआयव्हीचा धोका वेगळाच. दंडावर किंवा कोपरात टोचल्याच्या खुणा, बॅगेत छोट्या काचेच्या बाटल्या किंवा सिरिंज, ही विचारण्याजोगी गोष्ट आहे.

आणि एक गोष्ट अवघड असली तरी बोलायला हवी. गौरी-गणपती आले, पूजा आली, की मुलीला पाळी लांबवायची गोळी मावशी-काकूंच्या सल्ल्यानं दिली जाते. या गोळीतलं नॉरएथिस्टेरॉन हे संप्रेरक आहे. रक्ताच्या गुठळ्या, अर्धशिशी, यकृताचा त्रास आहे का हे विचारल्याशिवाय ते देऊ नये. शिवाय सोयीसाठी गोळी घेऊन शरीर वाकवता येतं, हे मुलगी यातूनच शिकते. पुढे पेपरच्या आदल्या रात्री जागण्यासाठी मैत्रिणीनं दिलेली मोडाफिनिल ती घेते तेव्हा तिला त्यात वावगं वाटत नाही.

कळल्यावर एकदम बंद करणं

मुलाच्या दप्तरात पट्टी सापडली की घरात आरडाओरडा होतो, गोळ्या संडासात जातात, मूल खोलीत कोंडलं जातं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्या काही आठवडे रोज घेतलेल्या असतील तर अशा एकदम बंद होण्यानं फिट येऊ शकते. त्या आठवड्या-आठवड्यानं, डॉक्टरांच्या हिशेबानं कमी कराव्या लागतात. ट्रामाडॉल-कोडीनची सवय तुटताना नाक गळणं, पोटात मुरडा, जुलाब, अंग ठणकणं, झोप न येणं असं होतं. घरच्यांना तो व्हायरल ताप वाटतो.

पहिलं बोलणं राग शांत झाल्यावर, एकट्यानं आणि थोडक्यात करा. ‘ही पट्टी मला सापडली. तुला शिक्षा करायला विचारत नाही. किती दिवस घेतोयस, दिवसाला किती, आणि सोबत दारू किंवा दुसरं काही असतं का, एवढं खरं सांग. डॉक्टरांना तेच लागणार आहे.’ ‘का केलंस?’ हा प्रश्न त्या दिवशी नको, त्याचं उत्तर मुलाकडेही बहुधा नसतं. झोप लागत नव्हती, पेपरची धास्ती होती, वर्गातली मुलं त्रास देत होती, हे हळूहळू बाहेर येतं आणि उपचार त्याचाही करावा लागतो.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. जिल्हा रुग्णालयातला किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातला मानसोपचार विभाग हा सगळ्यांत जवळचा दरवाजा असतो, आणि पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतं आहे. पोलिसांच्या भीतीनं घरं उपचार लांबवतात. व्यसनी व्यक्ती स्वतःहून उपचाराला आली तर अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४-ए तिला स्वतःच्या सेवनासाठीच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देतं.

‘झोपू दे, उतरेल आपोआप’

सगळ्यांत जीवघेणी चूक ही. हलवून, मोठ्यानं हाका मारूनही जाग न येणं, घशातून घरघर, थांबत थांबत चाललेला श्वास, निळसर ओठ, डोळ्यांच्या टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या : यातलं एकही दिसलं तर ती झोप नव्हे. झोपेची किंवा दुखण्याची गोळी आणि वर दारू झाली असेल तर श्वास बघता बघता थांबतो.

१०८ ला फोन करा. मूल श्वास घेत असेल तर कुशीवर वळवा, वरचा गुडघा वाकवा, हनुवटी किंचित वर ठेवा आणि सोडून जाऊ नका. श्वास थांबला तर फोनवरच्या सूचनेप्रमाणे छातीवर दाब द्यायला सुरुवात करा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, लिंबू, ताक, कॉफी काही देऊ नका. अर्धवट शुद्धीत ते फुप्फुसात जातं. मूल शुद्धीवर असेल आणि काय करावं सुचत नसेल तर दिल्लीच्या एम्समधलं विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर सल्ला देतं. रिकाम्या पट्ट्या, बाटली, कचऱ्यातलं पाकीट सगळं सोबत न्या, आणि डॉक्टरांपासून इभ्रतीसाठी काही लपवू नका.

उरलेलं ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवणं

दुखणं संपलं की उरलेल्या गोळ्या घरात ठेवू नका. मेडिकलवाला परत घेत असेल तर उत्तम. नाहीतर साध्या गोळ्या पट्टीतून काढून वापरलेल्या चहाच्या चोथ्यात किंवा मातीत कालवा, पिशवी बंद करून कचऱ्यात टाका, आणि पाकिटावरचं नाव खोडा. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, डायझेपाम यांसारख्या औषधांचा अपवाद आहे : कचऱ्यातून कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून ती संडासात टाकून पाणी सोडावं, असं केंद्रीय औषध नियामकाच्या २०२५ च्या मार्गदर्शनात सांगितलं आहे. बाकी औषधं मात्र संडासात टाकू नयेत.

लातूरला, पुण्याला क्लाससाठी होस्टेलवर जाणाऱ्या मुलाच्या बॅगेत मोठ्ठा औषधांचा पुडा भरून देणं ही याचीच दुसरी बाजू. पॅरासिटामॉलची एक छोटी पट्टी, ओआरएसची चार पाकिटं, पट्ट्या आणि जंतुनाशक मलम एवढं पुरतं. सोबत एका कागदावर मुलाचं वजन, त्याला न चालणारी औषधं, तिथल्या जवळच्या डॉक्टरांचा नंबर आणि १४४१६ लिहून द्या. दम्याचं, फिटचं किंवा मानसिक आजाराचं औषध चालू असेल तर एका वेळी महिन्यापुरतंच द्या, रेक्टरना कल्पना द्या, आणि दर महिन्याच्या भेटीत शिल्लक गोळ्या त्याच्यासमोर बसून मोजा.