निलिमा पक्षी शोधताना या चुका टाळा

दर थंडीत साताऱ्याजवळच्या ठोसेघरकडचा पक्ष्याचा एक तरी फोटो येतो, पाठ निळी, छाती नारिंगी आणि खाली लिहिलेलं, "नीलमणी दिसला!" अहो, नीलमणीला नारिंगी रंग कुठून आला? नीलमणी हा वेगळा पक्षी, त्याच्या नराच्या डोक्यामागं काळा ठिपका आणि गळ्याशी बारीक काळी रेघ असते. फोटोतली ती बहुतेक वेळा टिकेलची निलिमा असते, माश्या-किडे धरणारा छोटा निळा पक्षी, म्हणजे माशीमारच.

थंडीत अजून एक घोळ होतो, तेव्हा निळ्या गळ्याचा माशीमार पाहुणा येतो, छाती तशीच नारिंगी, माप तेच, चिमणीहून जरा लहान. मी आधी गळा बघतो आणि मगच बाकीचं, नराचा गळा नारिंगी असेल तर निलिमा, निळा असेल तर पाहुणा. निलिमाची मादी फिकी असते पण पाठ निळसरच, पाठ तपकिरी दिसली तर नाव सांगायची घाई नको. आणि फोटोचे रंग वाढवून मग ओळख विचारू नका, ज्या खुणेवरून सांगायचं तीच बिघडते.

पण मला खरा राग आहे तो मोबाईलवर कॉल, म्हणजे पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज, वाजवण्याचा. मे महिन्यात एका ग्रुपबरोबर ओढ्याकाठी होतो, एकानं स्पीकर दगडावर ठेवून निलिमाचं गाणं लावलं. नर लगेच आला, सगळे खूश, फटाफट फोटो. मी दुर्बीण लावली तर त्याच्या चोचीत हिरवी अळी, म्हणजे पिल्लांसाठीच घेऊन निघालेला. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं वाटून तो या फांदीवरून त्या फांदीवर, शेपटी झटकत, टिक टिक करत फिरत राहिला, आणि अळी तशीच चोचीत. मी जाऊन फोन बंद केला, सगळ्यांना मागं घेतलं, तेव्हा कुठं तो दरडीतल्या भोकात शिरला. घरटं आमच्यापासून दहा पावलांवर होतं! एप्रिल ते ऑगस्ट विणीचा काळ, तेव्हा तर कॉल अजिबात नको, आणि एरवी तरी कशाला पाहिजे?

शेंड्याकडं बघत मान मोडू नका, हा पक्षी खाली सावलीत, झुडपातल्या फांदीवर ताठ बसतो, माशी दिसली की झेपावतो. नवीन मंडळींना दहा मिनिटं एका जागी बसवत नाही, दोन किलोमीटर चालतात आणि काहीच नाही म्हणतात. मी पाण्याजवळ सावली बघून बसतो, गाण्याची छोटी खणखणीत लकेर आली की त्या दिशेला तोंड करतो, बास. आणि ऊन उतरलं की लगेच गाडीकडं पळू नका, अंधार पडेपर्यंत तो किडे धरत असतो, मला सगळ्यात जवळून दिसलाय तो त्याच वेळी.