इंजिनासाठी टेबल बनवताय? या चुका टाळा

माझं पहिलं टेबल इंजिनाच्या वजनाने मोडलं नाही. ते चालायला लागलं. वर यामाहा आरएक्स १०० मोटारसायकलचं इंजिन, मॅग्नेटचा नट काही केल्या सुटेना, म्हणून सॉकेटच्या दांड्यावर दोन फुटी पाइप चढवला आणि ओढला. नट जागच्या जागी, टेबल वीतभर पुढे. दुसऱ्या झटक्याला टेबलाचे मागचे दोन पाय हवेत. इंजिन खाली पडलं नाही, कारण मधे माझं पोट आलं.

त्यानंतर दोन टेबलं बनवली, तीन मित्रांची दुरुस्त केली. बहुतेकांचं चुकतं ते एकाच ठिकाणी: सगळे वजनाचा विचार करतात. "दोनशे किलो पेललं पाहिजे" असं वेल्डरला सांगतात. अहो, १०० सीसीचं इंजिन एकटा माणूस छातीशी धरून नेतो. जुन्या कास्ट आयर्न बुलेटच्या इंजिनाला दोघं लागतात. एवढं वजन घरातलं जेवणाचं टेबलही पेलेल. इंजिनाच्या टेबलाचा कस लागतो तो आडव्या जोरात.

हिशोब साधा आहे. टेबल २४ इंच रुंद, ३० इंच उंच. प्लायचं टेबल ३५ किलो आणि वर २५ किलोचं इंजिन, मिळून ६० किलो. ते कलंडायचं तर वजन गुणिले अर्धी रुंदी, म्हणजे ६० गुणिले १२, ७२० एवढा प्रतिकार आहे. त्याला ३० इंच उंचीने भागा. वरच्या कडेला फक्त २४ किलोचा जोर लावला की मागचे पाय उचलणार. गंजलेल्या नटाला आपण किती जोर लावतो ते आठवून बघा. गुळगुळीत टाइल्सवर तर कलंडण्याआधी ते सरकेलच.

स्वयंपाकाच्या ओट्याची उंची

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, कारण नंतर पाय कापावे लागतात. लोक घरचा ओटा मोजतात, ३३-३४ इंच, आणि तेवढंच टेबल करतात. ओट्यावर आपण कांदा चिरतो, तो ओट्याच्या पातळीवरच असतो. इंजिनाचं काम टेबलावर नसतं, टेबलाच्या कितीतरी वर असतं. बुलेट ३५० चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ९० मिमी, म्हणजे उंचच उंच सिलिंडर. ते इंजिन स्टँडवर बसवलं की हेडचे नट छातीच्या वर जातात. तिथे टॉर्क रेंच धरायचा म्हणजे खांद्यातून जोर येतो, पाठीतून येत नाही, आणि अर्ध्या तासात हात भरून येतात. शिवाय तेवढं उंच इंजिन आधी उचलून वर ठेवायचंय, हेही विसरू नका.

उलट स्प्लेंडरच्या जातीच्या ९७ सीसी इंजिनाचं सिलिंडर जवळपास आडवं झोपलेलं असतं. ते इंजिन लांबट आणि बुटकं. त्याला ३२-३३ इंचही चालेल.

म्हणून आधी ठरवा, की तुमच्याकडे जास्त करून कुठली इंजिनं येणार. मग एखादा खोका किंवा दोन स्टुलं रचून त्यावर इंजिन ठेवा, पाना हातात घ्या, आणि कोपर थोडं वाकलेलं राहील अशी उंची शोधा. माझी उंची पाच फूट सात इंच. मला २९ इंच बरोबर बसलं. व्हाइससाठी, म्हणजे वस्तू आवळून धरणाऱ्या शिकंज्यासाठी, हे कमी पडतं, कारण व्हाइसचे जबडे कोपराच्या उंचीला हवेत. त्यासाठी टेबल उंच करू नका, व्हाइसखाली लाकडाचा किंवा चॅनेलचा ठोकळा द्या.

चार पाय आणि वर प्लेट, एवढ्याने टेबल होत नाही

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात एका फॅब्रिकेटरकडे मी चित्र घेऊन गेलो तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, "कैची कुठाय?" कैची म्हणजे तिरकी आधारपट्टी. मी म्हटलं, चांगला ४० चा अँगल (एल आकाराची लोखंडी पट्टी) वापरतोय की. तो म्हणाला, "साहेब, अँगल कितीबी जाड घ्या, चौकट हलणारच. त्रिकोण हलत नसतो."

खरं आहे. चार काड्यांची चौकट हाताने दाबली तर ती तिरकी होते. त्यात एक तिरकी काडी घातली की होत नाही. टेबलाच्या मागच्या बाजूला एक आणि दोन्ही बगलांना एकेक तिरकी पट्टी द्या. पुढची बाजू मोकळी ठेवा, तिथे तुमचे पाय जायचेत. मागे तिरकी पट्टी नको असेल, तर दीड-दोन मिमीचा पूर्ण पत्रा वेल्ड केला तरी तेच काम होतं आणि सुटलेले बॉल मागे घरंगळत नाहीत.

चार बाय दोन फुटी टेबलाला ४० बाय ४० बाय ५ मिमीचा अँगल पुष्कळ झाला. मीटरला ३ किलो वजन. पाय, वरची-खालची चौकट, मधल्या दोन आडव्या पट्ट्या आणि तिरक्या पट्ट्या धरून साधारण ४८ फूट लागतो, म्हणजे वीस फुटी तीन लांब्या. लोक दोन लांब्या आणतात, आणि पुरलं नाही की पहिली काटछाट तिरक्या पट्ट्यांवर करतात. ५० बाय ६ चा अँगल घेतला तर मीटरला साडेचार किलो होतात. पैसे जास्त, फायदा थोडा. तेच पैसे तिरक्या पट्ट्यांना घाला.

भंगारात गॅल्व्हनाइज्ड पाइप स्वस्त मिळतो, दिसतोही चकाचक. त्यावर वेल्डिंग केलं की जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. घ्यायचाच असेल तर जोडाच्या जागेवरचा थर ग्राइंडरने पूर्ण घासून काढा आणि काम उघड्यावर करा.

वेल्डिंगची घाई

एक कोपरा पूर्ण वेल्ड करून मग दुसरा धरायचा, हा सरळ मार्ग वाटतो. वेल्ड थंड होताना आकसतो आणि चौकट स्वतःकडे ओढतो. चौथ्या कोपऱ्यावर पोचेपर्यंत अर्धा इंचाचा फरक पडलेला असतो. आधी सगळीकडे नुसते टाके, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, मारा. मग दोन्ही कर्ण मोजा. १२०० बाय ६०० मिमीच्या चौकटीचे दोन्ही कर्ण १३४२ मिमीच्या आसपास आणि एकमेकांशी जुळणारे आले पाहिजेत. गुण्यावर एकट्यावर विश्वास नको, लांब बाजूला तो फसवतो. कर्ण जुळले की समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून भरा.

वरची प्लेटही कडेने सलग वेल्ड करू नका, ती पापडासारखी फुगते. खालून इंचभर टाका, सहा इंच मोकळं, पुन्हा इंचभर टाका.

आणि टेबलावर इंजिन असताना त्याच टेबलाला काही चिकटवायचा मोह आवरा. वेल्डिंगचा करंट अर्थिंगच्या चिमट्याकडे जाताना इंजिनातून वाट काढू शकतो. क्रँकच्या बेअरिंगमधे ठिणगी पडली की गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात. ते दिसत नाहीत. इंजिन बांधून झाल्यावर आवाज येतो.

वरचा थर

५ मिमीची प्लेट, चार बाय दोन फूट, २९ किलोच्या आसपास भरते. अँगलसकट टेबल सत्तर किलोच्या पुढे जातं. वर २५ किलोचं इंजिन धरून वरचाच हिशोब पुन्हा करा: २४ किलोऐवजी आता ३९ किलोला पाय उचलतील. खालच्या कप्प्यात जुने क्रँक, डंबेल्स, जे काही जड असेल ते ठेवा, आकडा आणखी वाढेल.

३ मिमीचा पत्रा टाळा. हातोडी मारली की ढबढब वाजतो, म्हणजे तुमचा ठोका पत्र्यातच जिरतो. प्लायच वापरायचा तर १९ मिमीचे दोन थर, स्क्रूने जोडलेले, आणि वर पातळ पत्रा. उघड्या प्लायमधे ऑइल मुरतं, पेट्रोल मुरतं, आणि टेबल आयुष्यभर पेटायला तयार राहतं. एमडीएफचं नाव काढू नका, आमच्याकडच्या पावसाळ्यात तो बिस्किटासारखा फुगतो. सनमायकावर तेल सांडलं की इंजिन बर्फावर ठेवल्यासारखं घसरतं.

प्लेट आहे म्हणून ती सपाट आहे असं समजून काही जण त्यावरच पॉलिश पेपर ठेवून हेड घासतात. हॉट रोल्ड प्लेट इतकी सपाट नसते. त्यासाठी ८-१० मिमी जाडीच्या काचेचा एक तुकडा काचवाल्याकडून आणा आणि वेगळा जपून ठेवा.

प्लेटला वरून ऑइल पेंट मारू नका. पेट्रोलने पहिल्याच आठवड्यात पोपडे सुटतात. पायांना रेड ऑक्साइड आणि रंग, वर मात्र नुसता तेलाचा बोळा फिरवायचा. रबर मॅट टाकायची तर नायट्राइलची. साधं रबर पेट्रोलने फुगून वेडंवाकडं होतं. मी स्वतः जाड पुठ्ठा टाकतो. मळला की फेकला, आणि पांढऱ्या पुठ्ठ्यावर पडलेला सर्क्लिप (पिन अडवणारी बारीक स्प्रिंगची रिंग) लगेच दिसतो.

व्हाइस मधोमध

दुकानातल्या फोटोत तो मधे शोभतो. कामाला तो कोपऱ्यात, पायाच्या बरोबर वर हवा, म्हणजे ठोका थेट जमिनीत उतरतो. त्याचा स्थिर जबडा टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर ठेवा, नाहीतर फोर्कचा पाइप उभा धरता येत नाही. आरपार बोल्ट, खालून मोठा वॉशर आणि लॉकनट. जबड्यांना अ‍ॅल्युमिनियमच्या अँगलचे दोन तुकडे लावून ठेवा. सिलिंडरच्या पंख्या व्हाइसमधे धरून दोनदा तोडल्या आहेत, म्हणून सांगतोय.

इंजिन नुसतं ठेवलं

इंजिनाचं बूड सपाट नसतं. ड्रेन प्लग बाहेर आलेला असतो आणि सगळं वजन त्यावर येतं. वरून हातोडी बसली की क्रँककेसला चीर जाऊ शकते. लाकडाचे तुकडे घालून काम भागतं, पण नट ओढताना इंजिन त्यावरून उडी मारतं. फ्रेममधे इंजिन ज्या भोकांत बसतं, त्याच भोकांत बोल्ट जातील असा अँगलचा छोटा पाळणा करा आणि तो टेबलाला बोल्टने आवळा. दोन-तीन प्रकारच्या इंजिनांसाठी पट्ट्यांना लांबट खाचा पाडल्या की एकच पाळणा पुरतो.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना पहिलं इंजिन उघडल्यावरच कळते. आरएक्स काय, बुलेट काय, क्रँककेस डाव्या-उजव्या अशा दोन भागांत उघडते. अर्धी केस आडवी ठेवली की क्रँकचं टोक खाली येतं आणि टेबलाला टेकतं. टेबलाच्या एका बाजूला चार इंचाचं गोल भोक आधीच पाडून घ्या. एरवी त्यावर झाकण, आणि खाली बादली ठेवली की ऑइल ओतायलाही तेच.

किरकोळ वाटणाऱ्या चुका

चाकं: ब्रेक लागला तरी चाक आपल्या खिळ्याभोवती फिरतं आणि टेबल डोलतं. पायांना नट वेल्ड करून १२ मिमीचे बोल्ट खालून द्या, पार्किंगची फरशी उताराची असतेच.

पंख्याचा हुक: तो पंख्यासाठी आहे. इंजिन उचलायची साखळीची कप्पी, म्हणजे चेन ब्लॉक, त्याला टांगू नका.

वीज: लोखंडी टेबलावर ड्रिल आणि ग्राइंडर चालणार, तेव्हा टेबलालाच अर्थिंगची वायर जोडा आणि त्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा. ग्राइंडरच्या ठिणग्या कार्ब्युरेटर धुतलेल्या परातीपर्यंत सहज पोचतात. आधी परात बाहेर न्या.

टेबल झालंय, पण हलतंय

आधी कुठल्या दिशेने हलतं ते बघा. कोपऱ्यावर तळहात दाबला आणि टेबल टकटक वाजलं, तर एक पाय अधांतरी आहे. बोल्ट फिरवून तो टेकवा. बोल्ट नसेल तर पत्र्याची पाचर द्या, कागदाची घडी नको.

वरची कड धरून लांबीच्या दिशेने ढकलल्यावर डोललं, तर मागची तिरकी पट्टी नाही किंवा तिचा टाका सुटलाय. रुंदीच्या दिशेने डोललं तर बगला बघा. वेल्डिंगची सोय नसेल तर २५ बाय ५ ची पट्टी भोकं पाडून बोल्टने लावली तरी चालते, मात्र प्रत्येक टोकाला स्प्रिंग वॉशर घाला, नाहीतर महिन्याभरात ढिली होते.

चौकट घट्ट आहे पण सगळं टेबलच सरकतं, तर मागच्या दोन पायांना पट्टी वेल्ड करून फरशीत १० मिमीचे अँकर फास्टनर मारा. फरशीखाली काँक्रीट आहे ना ते आधी तपासा. नुसत्या मुरमावर बसवलेल्या शहाबादीत फास्टनर धरत नाही, फरशीच उचकटून येते. भिंतीला बांधायचं तर विटांच्या सांध्यात भोक पाडू नका, विटेत पाडा. कोकणातल्या जांभ्याच्या भिंतीत माझे दोन फास्टनर गोल गोल फिरत बसले होते. तिथे शेवटी भिंतीच्या आरपार बोल्ट घालून पलीकडून लोखंडी प्लेट लावली.

ठोका मारल्यावर प्लेट ढबढबत असेल तर खाली मधली पट्टी नाही, किंवा आहे पण प्लेटला चिकटलेली नाही. खालून टॉर्च मारा, फट दिसेल. जमलं तर तिथे दोन टाके मारा, नाहीतर फटीत पत्र्याच्या पट्ट्या ठोकून घट्ट बसवा.