धागा सारखा तुटतोय? एम्ब्रॉयडरी मशीनचा मेंटेनन्स असा करा

ज्यांच्याकडे १५ सुयांचं सिंगल हेड (एकाच डोक्याचं) मशीन आहे आणि त्यावर ब्लाऊज, शाळेचे लोगो, गणपतीत मंडळांचे टी-शर्ट अशी कामं चालतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. धागा तुटायला लागला की बहुतेक जण आधी टेन्शनचे, म्हणजे वरच्या धाग्याचा ताण कमी-जास्त करायचे नॉब पिळतात, एक फिरवला की दुसरा, आणि तासाभरात सगळ्या सुयांचं गणित बिघडवून बसतात. नॉबला हात सगळ्यात शेवटी लावायचा. सुरुवात खालून, हुकपासून, म्हणजे सुईखाली फिरत वरचा धागा पकडून खालच्या धाग्यात अडकवणाऱ्या भागापासून.

हुकच का, तर मशीन ८०० स्पीडला चालतंय म्हणजे मिनिटाला ८०० टाके, आणि रोटरी हुक एका टाक्याला दोनदा फिरतो, म्हणजे मिनिटाला १६०० फेरे, तेही धातूवर धातू घासत. सुया १५ असल्या तरी एका वेळी एकच चालते, हुक मात्र सगळ्यांसाठी एकटाच पळतो. म्हणून सकाळी मशीन चालू करायच्या आधी बॉबिन केस (खालच्या धाग्याची छोटी रीळ बसते ती डबी) काढा, ब्रशने आतली रूआं, म्हणजे धाग्या-कापडाचा बारीक कापूस, साफ करा आणि हुकच्या खाचेत, जिथे आतला भाग बाहेरच्या भागावर घासतो तिथे, मशीनच्या पांढऱ्या तेलाचा एक थेंब सोडा. एकच. दिवसभर काम असेल तर चार-पाच तासांनी परत एक. तेल घातल्यावर आधी चिंधीवर थोडं शिवून घ्या, नाहीतर गिऱ्हाइकाच्या क्रीम ब्लाऊजवर डाग पडलाच म्हणून समजा. खोबरेल, गाडीचं ऑइल, गंज सोडवायचा स्प्रे यातलं काहीही चालत नाही, लोक घालतात म्हणून सांगतोय.

मग बॉबिन केस. तिच्या पातळ पत्तीखाली रूआं आणि धाग्याचं मेण अडकतं, तिथून व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा सरकवला की सगळं बाहेर येतं, सुई किंवा पिन घालू नका, पत्तीला ओरखडा पडतो. आता बॉबिन भरून धागा हातात धरा आणि केस लोंबकळत सोडा. तशीच थांबली पाहिजे, आणि हलका झटका दिला की इंच-दोन इंच खाली येऊन परत थांबली पाहिजे. सरसर खाली गेली तर ढिली, हललीच नाही तर घट्ट, पत्तीचा स्क्रू अगदी किंचित फिरवायचा. खालचं बरोबर बसल्यावरच वरच्या धाग्याकडे बघा. रुंद सॅटिनची, म्हणजे शेजारी-शेजारी आडव्या भरीव टाक्यांची, एक पट्टी शिवा आणि कापड उलटं करा, मधला एक तृतीयांश भाग पांढरा बॉबिन धागा आणि दोन्ही बाजूंना रंगीत दिसला की विषय संपला. पांढरा दिसतच नसेल तर वरचा धागा ढिला आहे, आणि नॉब फिरवायची वेळ आली असेल तर ती आत्ता, तीही फक्त त्याच सुईची.

सुईच्या बाबतीत आपण फार कंजूस. मोडेपर्यंत तीच चालवायची! टोक बोथट झालं की धागा पिंजतो, कापडाला भोकं पडतात. जी सुई जास्त चालते ती साधारण ८-१० तासांच्या चालीनंतर बदलून टाका. साध्या ४० नंबर धाग्याला ७५/११ मापाची सुई पुरते, टी-शर्टला बॉलपॉइंट (गोल टोकाची) घ्या, आणि जरीला मोठ्या डोळ्याची सुई लावून स्पीड ५००-६०० वर आणा, कारण जरीचा धागा सोलतो आणि त्याचा चुरा खाली हुकमध्येच जाऊन बसतो. लावताना सुई पूर्ण वर ढकला, लांब खाच तुमच्याकडे, खळगा मागे हुकच्या बाजूला.

आठवड्यातून एकदा मेन स्विच बंद करून सुईखालची प्लेट उघडा. खाली धागा कापायचे ब्लेड असतात, तिथे तुकडे साचले की कटिंग नीट होत नाही आणि आपल्याला वाटतं ब्लेड गेलं. सुईच्या दांड्यांना, म्हणजे नीडल बारला, एकेक थेंब तेल, जास्त नको, ते खाली गळतं. बेल्टला तेल अजिबात नाही. ग्रीस कुठे आणि किती महिन्यांनी ते तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात बघा, प्रत्येकाचं वेगळं असतं. ब्लोअर मारताना हवा बाहेरच्या दिशेला, कंट्रोल बॉक्समध्ये नाही, तिथला फॅन आणि जाळी ब्रशनेच पुसा. इचलकरंजी-भिवंडीसारख्या ठिकाणी शेजारी लूम चालत असतील तर हे आठवड्याला नाही, दोन दिवसांनी करा, हवेतच कापूस असतो.

पावसाळ्यात काम नसलं तरी रोज पाच-दहा मिनिटं मशीन चालवा, बंद पडलेल्या हुकला गंज लवकर धरतो. धाग्याचे कोन (मोठी रिळं) झाकून ठेवा. व्होल्टेज स्टॅबिलायझर आणि अर्थिंग नीट नसेल तर बाकी मेंटेनन्स करूनही मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड उडू शकतो, तिथे पैसे वाचवू नका.

आता समजा सुई कापड ताणून धरणाऱ्या फ्रेमवर आपटून मोडली. नुसती नवी सुई लावून पुढे चालू करू नका, आधी तुकडे सगळे सापडले का बघा, मग हुकच्या टोकावरून आणि प्लेटच्या भोकावरून कापसाचा बोळा फिरवा, कापूस अडकला तर तिथे खर (धातूची खरखरीत कड) आलीये, धागा तिथेच तुटणार. टायमिंग, म्हणजे सुई आणि हुकची जुळणी, स्वतः ढिली करू नका, हुक आणि सुईत जेमतेम कागदाइतकं अंतर असतं. टेक्निशियनला फोन करताना कुठली सुई, कुठलं डिझाईन, धागा वरचा तुटतो की खालचा, एवढं सांगा, आणि शिवलेल्या नमुन्याचा पुढून-मागून फोटो पाठवा, निम्मी दुरुस्ती फोनवरच होते.