गच्चीवरचा अँटेना आणि वळवाची वीज

हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या रिगसाठी (सेटसाठी) ‘वेगळं’ अर्थिंग हवं म्हणून बागेत सळई ठोकायची आणि घराच्या अर्थिंगला हात लावायचा नाही, ही पद्धत आधी सोडा. आमच्या वायरमनचा मात्र उलटा हट्ट होता: “काका, दोन्ही जोडली तर वीज घरात शिरेल की!” अहो, ती तशीही शिरते. शंभर मीटरवर पडली तरी जमिनीचं व्होल्टेज जागोजागी वेगवेगळं चढतं. बागेतली सळई एका आकड्यावर, मीटरजवळचा अर्थिंगचा खड्डा दुसऱ्याच, फरक हजारो व्होल्टचा. आणि या दोघांमधली वाट जाते कोॲक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) शील्डमधून, म्हणजे तिच्या बाहेरच्या जाळीमधून, रिगमधून, पॉवर सप्लायमधून थ्री-पिनपर्यंत. दोन्ही जाड तांब्याने जोडली की सगळं जवळपास एकत्र चढतं आणि एकत्र उतरतं.

मी सोलापूरकडचा, आमच्याकडे काळी माती. ओली असताना सोनं, पण मेमध्ये तिला अशा भेगा पडतात की वरचा हातभर सळई नुसती हवेत असते. म्हणून ३ मीटरच्या सळया घ्या, दोन-तीन ठोका, आणि त्यांच्यात ६ मीटर अंतर ठेवा. खेटून ठोकल्या तर पैसे वाया. अर्थिंगचा रेझिस्टन्स उन्हाळ्यात मोजा. ऑगस्टमध्ये कुणाचाही आकडा छानच येतो. १० ओहमच्या खाली आला की पुरे. कोकणात जांभ्यावर तो सहजी येत नाही, तिथे घराभोवती पट्टी पुरून रिंग करा. नळाच्या पाइपला अर्थिंग जोडायचे दिवस गेले, आता सगळीकडे प्लास्टिक आहे.

मास्टपासून (अँटेनाच्या खांबापासून) खाली २५ बाय ३ मिलिमीटरची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी भिंतीच्या बाहेरून सरळ उतरवा. काटकोन नको, वळायचंच असेल तर ऐसपैस वळवा. कारण साधं आहे. एक मीटर तारेचं इंडक्टन्स (करंट झपाट्याने बदलताना होणारा अडथळा) साधारण १ मायक्रोहेन्री असतं. विजेचा करंट मायक्रोसेकंदाला १०,००० अँपिअरने चढला, तर दर मीटरला १०,००० व्होल्ट उभे राहतात, मग ओहम कितीही कमी असोत. तांब्याची सळई आणि जीआय पट्टी एकमेकींना थेट टेकवू नका, सांधा गंजतो. मधे बायमेटल (दोन धातूंच्या जोडासाठीचा) क्लॅम्प टाका.

आता कोॲक्स. घरात शिरते तिथे, जमिनीलगत, बाहेरच्या भिंतीवर तांब्याची प्लेट बसवा. अरेस्टर (केबलवरून आलेली वीज अर्थिंगला वळवणारा डबा) थेट तिच्यावर बोल्टने आवळा. वीतभर वायर लावून लटकवलेला अरेस्टर नावापुरताच. रोटेटरची (अँटेना फिरवणाऱ्या मोटरची) केबलही याच प्लेटवरून आत गेली पाहिजे, आणि प्लेटपासून मीटरच्या अर्थिंगपर्यंत किमान १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. अरेस्टरमधली गॅस ट्यूब (ठरावीक व्होल्टेज ओलांडलं की अर्थिंगला वाट देणारी) किती व्होल्टची आहे ते विचारून घ्या. १०० वॉटला ५० ओहमवर पीक १०० व्होल्ट भरतं, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत येणाऱ्या सिग्नलचं माप) वाढला की आणखी. ९० व्होल्टची ट्यूब लावलीत तर तुम्ही पीटीटी (बोलण्यासाठीचं बटण) दाबताच ती पेटेल. २३० किंवा ३५० व्होल्टची घ्या.

एवढं करूनही थेट अँटेनावर पडली तर रिग वाचेल याची हमी मी देणार नाही. घर आणि माणसं वाचावीत म्हणून हा खटाटोप. रिग वाचवायची तर केबल काढा, पण काढलेलं टोक टेबलावर ठेवू नका. ते बाहेरच प्लेटपाशी राहू दे. पॉवर सप्लायचा प्लग, राउटरची लॅन वायर, कॉम्प्युटरची यूएसबी, सगळं उपसा. हे ढग लांब असतानाच. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये ठेवा. ते नसेल तर लखलखाट आणि गडगडाट यांतले सेकंद मोजून तिनाने भागा, किलोमीटर मिळतील. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर कनेक्टरला हातसुद्धा लावू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.